बेतूलला आईबाबांना होडीतून न्यायचंय : कुठून, कधी, आणि मासळी कुठे?

नुकताच_मडगावकर

नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, नोकरीपायी दोन वर्षं मडगावात आहे. डिसेंबरात आईबाबा, बहीण आणि तिची दोन पोरं (वय ९ आणि ५) येताहेत. गेल्या खेपेला त्यांना पणजीत एका क्रूझवर नेलं होतं. वरच्या डेकवर गाणी इतकी मोठ्याने लावली होती की बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि तासभर नदीकडे पाठ करून बसले. आई म्हणाली, "पाणी कुठे दिसलं रे?"

तर यंदा पाणी दिसेल असं काहीतरी हवंय. हापिसातला एक जण म्हणाला, बेतूलला जा, तिथे होडीवाले साळ नदीतून फिरवतात, पुढे समुद्रात डॉल्फिनही दाखवतात. एका रविवारी दुपारी जाऊन आलो. जेटीवर चार कुत्री, वाळत घातलेली जाळी आणि प्रचंड वास. माणूस एकही बोलायला मोकळा नाही. परत आलो.

चुकलं काय माझं? होडी कुठून मिळते? ७२ वर्षांच्या माणसाला चढता येईल का? आणि आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे?

खाजनातला_बगळा

मी असोळण्याचा. तुमचं चुकलं ते एवढंच की तुम्ही घड्याळ बघून गेलात. तिथे पाणी बघून जायचं असतं.

आधी भूगोल सांगतो. साळ नदी वेर्ण्याच्या बाजूने निघते, मडगावच्या कडेने, चिंचणी-असोळण्यावरून खाली येते आणि बेतूलला समुद्राला मिळते. मिळण्याआधी ती बराच वेळ समुद्राला समांतर वाहते, मध्ये फक्त वाळूची एक लांब जीभ. त्या जिभेचं टोक म्हणजे मोबोर. मोबोरच्या बाजूला मोठाली हॉटेलं, अलीकडे कुटबणची ट्रॉलरची जेटी (ती वेळ्ळीत, म्हणजे सासष्टी तालुका) आणि तोंडाच्या दक्षिणेला डोंगराखाली बेतूल, ते केपे तालुक्यात. तीन गावं एकमेकांच्या अंगणात, पण गाडीने जायचं तर वळसा पडतो. म्हणून इथे होडी ही सहलीची वस्तू नाही, पलीकडे जायचं साधन आहे. मी लहान असताना आजी मोबोरला होडीतूनच जायची, डोक्यावर पाटी घेऊन.

दुपारी कोण भेटणार? लहान होड्या पहाटे जातात, सकाळी येतात. दुपारी लोक झोपतात. तुम्ही रविवारी दुपारी गेलात म्हणजे फेणीच्या वेळेला गेलात.

होडी ठरवायची तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर जा. लोक जाळी शिवत बसलेले असतात, तेव्हा बोलतात. "उद्या पाणी कितें म्हणटा?" एवढं विचारा, पुढचं तेच सांगतील.

कोल्हापुरी_ठसका

वाखूसा (वाचनखूण साठवली).

बुरूज_बावन्न

बेतूलला जाऊन किल्ला न बघता येणार असाल तर काय उपयोग! नदीच्या तोंडावर, टेकडीवर शिवरायांच्या आज्ञेने १६७९ साली बाळ्ळीच्या हवालदाराने बांधलेला किल्ला आहे. १६७५ ला महाराजांनी फोंडा घेतला, त्यानंतर बाळ्ळी, काकोडा, चंद्रवाडी हा सगळा दक्षिणेकडचा भाग स्वराज्यात आला. सासष्टी मात्र १५४३ पासून पोर्तुगीजांकडे. म्हणजे तुम्ही ज्या नदीत होडी घालणार ती एके काळी सरहद्द होती! पलीकडे फिरंगी, अलीकडे मराठे. मुलांना हे सांगा, अंगावर काटा येईल.

खाजनातला_बगळा

बुरूजराव, काटा येईल खरा, पण रायगड मनात धरून कोणी आलं तर हिरमुसेल. आता तिथे उरलंय ते एक बुरूजवजा बांधकाम आणि एक तोफ. दहा मिनिटांत बघून होतं. पण तिथे उभं राहून खाली बघा, किल्ला इथेच का बांधला ते न सांगता कळतं. नदीत शिरणारं प्रत्येक गलबत पायाखालून जातं.

आणि सरहद्दीच्या गोष्टी सांगायच्याच तर आमच्या असोळण्याचीही सांगा. १५८३ साली कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा या पाच गावांनी देवळं मोडणाऱ्यांविरुद्ध उठाव केला. पाच जेझुइट पाद्री मारले गेले. पुढे पोर्तुगीजांनी १६ गावकारांना (गावच्या पुढाऱ्यांना) बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि १५ जणांना तिथेच कापलं. एक नदीत उडी टाकून निसटला, तो थेट कारवारच्या बाजूला. ती नदी हीच. कुंकळ्ळीच्या देवीलाही गाव सोडावं लागलं, ती फातर्प्याला आहे, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. बेतूलहून बाळ्ळीकडे परतताना फातर्पा वाटेतच लागतं, आईला नक्की न्या.

सांग्याची_सून

इतिहास झाला, आता कामाचं बोलते.

१. जेटीवर चपला घालू नका. खवले आणि पाणी, पाय सरकतो. मागे पट्टा असलेले सँडल घाला.
२. स्वच्छतागृहाचं आधी उरकून जा. मी काय म्हणते ते बायकांना कळेल.
३. आईंचा तोल कसा आहे? होडी धक्क्याला लागते तेव्हा काठ आणि होडी यांत हातभर फट असते आणि ती हलत राहते. भरतीला होडी धक्क्याच्या पातळीला येते, सरळ पाय टाकता येतो. ओहोटीला खाली उडी मारावी लागते. माझ्या सासूबाईंना दोघांनी पोत्यासारखं उचलून ठेवलं होतं. त्यांना त्याचं अजून हसू येतं, मला नाही येत.

मासळीचं असं की कुटबणला ट्रॉलरचा माल उतरतो तो घाऊक. तिथे खलाशी ओडिशा-झारखंडकडचे, टोपल्या भराभर चालू असतात, तुम्ही मध्ये उभे राहिलात तर शिव्या खाल. घरापुरती हवी तर बेतूलच्या बाजूला लहान होड्या लागतात तिथे थांबा. बांगडे, तारले, वेलयो, मुड्डशी, नशीब असेल तर चणाक. बेतूलच्या शिनाण्या प्रसिद्ध, काळ्या कवचाच्या, खडकावरून काढतात. त्या रव्यात घोळून तळा. साताऱ्याची माणसं "हे काय शिंपल्यातलं" म्हणतील, मग ताट रिकामं होईल.

भाव करताना बाईशी करा. होडी नवऱ्याची असली तरी पाटी बायकोची असते.

आडवाटेचा_आनंद

मी जरा पाणी ओततो उत्साहावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहाजण असेच गेलो होतो. कुठल्या होडीवाल्याबरोबर ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हता, पण पैशाला नाही म्हणवलं नाही त्याला. सकाळी दहाला निघालो, ओहोटी अर्धी झाली होती. जाताना ठीक गेलो. समुद्रात तासभर फिरवून तोंडाशी परत आलो तर समोर पांढरी रेघ. लाटा फुटताहेत, म्हणजे खाली वाळूचा दांडा वर आलेला. तो म्हणाला, काही होत नाही, आणि घातली होडी. खर्रकन आवाज आला आणि बसलो. मागून लाट आली ती सरळ मांडीवर. माझ्या बायकोची पर्स, त्यात दोघांचे फोन, सगळं खारवलं. लाइफ जॅकेट होती, ती बाकाखाली, एकमेकांना गाठी मारलेली! मी दातांनी गाठ सोडवत होतो ते दृश्य मुलगा आजही करून दाखवतो.

शेवटी दोन पोरं पाण्यात उतरली, कमरेएवढंच पाणी होतं, ढकलून काढली. जीव वगैरे जाणार नव्हता, पण त्या क्षणी कमरेएवढं आहे हे आपल्याला माहीत नसतं.

तेव्हा वयस्क माणसं आणि पाच वर्षांचं पोर घेऊन समुद्रात जाऊच नका असं माझं स्पष्ट मत.

खाजनातला_बगळा

आनंदराव, हे ऐकून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. तो दांडा ट्रॉलरवाल्यांनाही छळतो. दर पावसाळ्यात वाळू सरकते, कधी उत्तरेला तर कधी मध्येच. गाळ काढा म्हणून मागणी दर वर्षीची. नवख्या तांडेलाला (ट्रॉलर चालवणाऱ्याला) तोंडातून ट्रॉलर आत घेऊ देत नाहीत.

नियम सोपा आहे. तोंडाबाहेर जायचं तर चढत्या पाण्यात जायचं आणि पूर्ण भरतीच्या आगेमागे परत यायचं. चढत्या पाण्यात अडकलात तरी पाणीच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात अडकलात की दर मिनिटाला जास्त अडकता. आणि जॅकेट अंगात घातल्याशिवाय दोरी सोडू द्यायची नाही. होडी प्रवासी नेण्यासाठी नोंदवलेली आहे का तेही विचारा, गोव्यात ते काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे असतं. विचारलं की राग येतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

नुसत्या नदीत फिरायला मात्र काही भीती नाही.

नुकताच_मडगावकर

आनंद, धन्यवाद, आईला हा धागा दाखवणार नाही 😅

भरती कधी हे कळायचं कसं? मोबाइलवर बघतो, पण हापिसातला म्हणतो की स्थानिक लोक तिथीवरून सांगतात. खरं का?

देवगडचा_हापूस

खरं आहे हो. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, भरती तीनला. अष्टमीला ६ ला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्या दिवशी उधाणही. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. दिवसातून दोनदा भरती, म्हणून तीन म्हणजे पहाटेचे तीन आणि दुपारचेही तीन. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित.

हा हिशोब मुंबईकडचा. दक्षिणेला आलं की भरती जरा आधी येते. गोव्यात साधारण तासभर वजा करा. मिनिटामिनिटाला जुळणार नाही, पण आईबाबांना केव्हा उठवायचं ते कळतं. तरी शेवटचा शब्द होडीवाल्याचा.

नुकताच_मडगावकर

थांबा. ते आहेत त्या आठवड्यात सकाळची भरती हवी असेल तर... एकादशी. ११ ची पाऊणपट सव्वाआठ, तासभर वजा, सव्वासात. उत्तम वेळ!

फक्त आई एकादशी करते.

सांग्याची_सून

हाहाहा. मासळीच्या जेटीवर एकादशीला! राजगिऱ्याचा लाडू बांधून द्या. आणि मासळी बर्फात घालून आणा, द्वादशीला करा. एका रात्रीने बांगडा मरत नाही, तो मेलेलाच असतो.

उनाड_पाखरू

डॉल्फिन दिसतात का पण? मुलांना तेच हवं असणार. आम्ही पाळोळ्याला गेलो होतो तेव्हा आठ-दहा होड्या एकाच कळपाच्या मागे. मजा आली पण फोटो एकही धड नाही.

तिसऱ्या_पिढीचा_रांपणकार

नेमका याच्यासाठी लॉगिन केलं. आठ-दहा होड्या एका कळपामागे, याला मजा म्हणू नका ताई. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, उथळ पाण्यातले, नदीच्या तोंडाशी मासळी असते म्हणून तिथे येतात. म्हणजे ते जेवायला आलेले असतात. इंजिन घेऊन मागे लागलं की ते बुडी मारतात आणि लांब जातात. वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. वाघामागे दहा जिपा पळवल्या तर आपण ओरडतो ना?

बघायचेच तर लांबवर इंजिन बंद करायला सांगा आणि गप्प बसा. आले तर आले. माझे आजोबा रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना सांगायचे, डॉल्फिन दिसले की मासळी आहे, जाळं टाका. त्यांच्या मागे जायचं नाही, ते कुठे आहेत ते बघायचं.

दुसरी गोष्ट. हा धागा वाचून मला जरा धास्ती वाटतेय. पाळोळे माझ्या वडलांनी मासेमारीचं गाव म्हणून बघितलंय. "शांत आहे, कोणाला माहीत नाही" असं लिहीत लिहीतच ते आजचं पाळोळे झालं. बेतूलचंही तेच करायचंय का?

उनाड_पाखरू

सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं. पण दादा, लोक येऊच नयेत असं कसं म्हणता? होडीवाल्याला चार पैसे मिळतात ना?

तिसऱ्या_पिढीचा_रांपणकार

मिळू देत की. माझाच चुलतभाऊ नेतो माणसं. मासळी कमी झाली म्हणूनच नेतो, हे पण लक्षात घ्या. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याला खेटून यायला लागले, रांपणीत काही उरेना. तेव्हा माथानी साल्ढाणांसारखे लोक उभे राहिले, रांपणकार रस्त्यावर आले, आणि १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलरला बंदी. ती किती पाळली जाते ते रात्री किनाऱ्यावर उभं राहून दिवे मोजा, समजेल.

मी एवढंच म्हणतोय की याल तेव्हा जाळं वाळत असेल तर त्याच्यावरून चालू नका. परवा एक कुटुंब माझ्या काकाच्या जाळ्यावर चादर टाकून वडापाव खात बसलं होतं.

आणि १ जून ते ३१ जुलै येऊन "होडी का नाही" म्हणून विचारू नका. मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, आम्ही घरी खारी सुंगटं खात असतो.

बुरूज_बावन्न

दिवस मोकळा असेल तर पुढे काब द राम पण करा. बेतूलहून किनाऱ्याच्या डोंगराने रस्ता जातो, वाटेत नाकेरीचं पठार लागतं. किल्ला सोंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतला, पुढे १९५५ पर्यंत तुरुंग होता. आत सेंट अँथनीचं पांढरं चर्च. राम-सीता वनवासात इथे राहिले अशी आख्यायिका, नाव त्यावरून. तटावरून सूर्यास्त बघा, पण कठड्याजवळ मुलांचा हात सोडू नका.

खोला गावच्या मिरच्या मिळाल्या तर घ्या, त्यांना २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. तिखटापेक्षा रंगाला.

खाजनातला_बगळा

काब द राम एकाच दिवशी नको हो, आजीआजोबा आहेत. बाराडीची टेकडी करा, वेळ्ळीत. गाडी वरपर्यंत जाते, वर क्रूस आहे, आणि नदी, मोबोरची जीभ, बेतूलचं तोंड सगळं खाली पसरलेलं दिसतं. होडीत बसण्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे न्या. पाणी फुटतंय कुठे ते वरून दिसतं, आनंदरावांचा दांडासुद्धा.

कावेलोसी-असोळणा फेरीबोट पण मुलांना दाखवा. चालत गेलं तर तिकीट नाही.

नुकताच_मडगावकर

मंडळी, जाऊन आलो! वृत्तांत टाकतो म्हणालो होतो, उशीर झाला, पाहुणे परवा गेले.

आदल्या संध्याकाळी बाराडी केली. बाबांना वरून नदी आणि समुद्रामधली ती वाळूची पट्टी दिसली तेव्हापासून ते एकच म्हणत होते, "ही टिकलीय कशी?" खाली उतरून जेटीवर गेलो. बगळ्याचं वाक्य पाठ करून गेलो होतो, "उद्या पाणी कितें म्हणटा?" जाळं शिवणाऱ्या माणसाने वर न बघता विचारलं, "एकादस न्हय? सातांक यो." हापूसचा हिशोब पाव तासाने जुळला.

सकाळी सातला धुकं होतं. धक्क्याला होडी अगदी समपातळीत, आई स्वतःच्या पायांनी चढली. जॅकेट आधी मागितली. होडीवाल्याने पाच वर्षांच्या भाचीला मोठ्यांचं जॅकेट घालून दोरी दोनदा फिरवून पोटावर गाठ मारली, ती कासवासारखी दिसत होती. बाहेर न्या म्हटलं तर त्याने तोंडाकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाला, "आज न्हंयेंतच वचूंया, काकी." (आज नदीतच जाऊ.) मी आग्रह केला नाही. आनंद, तुमची मांडीवरची लाट आठवली.

नदीत वर असोळण्याच्या दिशेने गेलो. खारफुटीजवळ त्याने इंजिन बंद केलं. त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरणार नाही. नुसतं पाणी टपटपतंय, आणि कुठेतरी लांब ट्रॉलरवर कोणीतरी भांडं घासतंय. बाबांनी कानातलं यंत्र आत नीट दाबून बसवलं. मी काही बोललो नाही.

मग एक तांबूस घार आली, पांढऱ्या डोक्याची, आणि समोरून पाण्यातला मासा उचलून गेली. भाच्याने नाव विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं, ब्राह्मणी घार. आई म्हणाली, "ब्राह्मणी? आणि एकादशीला मासा?" होडीवाल्याला बहिणीने समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की होडी डुलायला लागली.

डॉल्फिन एकही नाही. पोरांनी पहिली पाच मिनिटं कुरकुर केली, नंतर खेकडे मोजत बसली.

पावणेनऊला परत. तेव्हा पाणी वीतभर उतरलं होतं. काठावर लहान होड्या लागत होत्या. एक बाई आमच्यासमोर जाळ्यातून तारले सोडवत होती. डाव्या हाताने जाळ्याचा एक डोळा ताणायचा, उजव्या अंगठ्याने माशाचं डोकं मागे ढकलायचं, मासा टोपलीत. बोलताना एकदाही खाली बघितलं नाही तिने. भाच्याने एक सोडवायचा प्रयत्न केला, अर्धा मासा जाळ्यातच राहिला. तिने तो त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, माजराक दी. जेटीवरची मांजर आधीच येऊन बसली होती.

बांगडे आणि मुड्डशी घेतली. शिनाण्या नव्हत्या त्या दिवशी. बुरुजावर मी आणि भाचा दोघेच चढलो. तोफेवर बसू नको म्हटलं, तोवर तो बसला होता.

फातर्प्याला आईने देवीसमोर बराच वेळ काढला. बाहेर आल्यावर म्हणाली, "नदी ओलांडून आली बिचारी." मी म्हटलं नदी नव्हे, डोंगर. तर म्हणाली, "तेच रे."

सगळ्यांचे आभार. रांपणकार दादा, जाळ्यावर कोणी पाय दिला नाही, भाची कासव असल्यामुळे तिला उचलूनच नेलं.

देवगडचा_हापूस

पाव तास म्हणजे खूप झालं. शाबास.

सांग्याची_सून

बर्फ पुरला का? आणि द्वादशीला केलंत काय?

नुकताच_मडगावकर

बर्फ पुरला. बांगड्यांचं हुमण (आमटी) शेजारच्या काकूंनी केलं, मुड्डशी रव्यात तळली. आईने चार खाल्ल्या. गाडीच्या डिकीत बर्फाचं पाणी सांडलंय, तीन वेळा धुतली, वास तसाच आहे. उपाय सुचवा.

सांग्याची_सून

लिंबाच्या साली आणि दोन दिवस ऊन. नाही गेला तर गाडी विका.